देवाच्या घराची वाटणी

लग्न होऊन मी कलकत्त्याला गेले तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. ह्यांची नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. बदलीवर हे आधीच तिथं जाऊन राहिले होते आणि बालीगंजमधल्या एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन ठेवला होता. खाली घरमालक राहायचे. नवरा-बायको दोघंच, साठीला टेकलेली. ते निवृत्त शाळामास्तर, जन्मभर भूगोल शिकवलेले. त्या घर सांभाळायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायच्या. मंडळी ख्रिस्ती आहेत हे मला कळायला आठवडा लागला, कारण साडी, पान, डाळ-भात, दुपारची झोप, सगळं गल्लीतल्या इतर बंगाल्यांसारखंच होतं.

पहिल्याच दिवसांत कधीतरी मी गॅलरीत कोळशाच्या शेगडीपुढे बसून रडत होते. पुण्याला आमच्याकडे चूल आणि स्टो. हा दगडी कोळसा मला काही केल्या पेटेना. धुरानं डोळे चुरचुरत होते, त्या आडोशानं घरच्या आठवणीनंही रडून घेत होते. खालून त्या वर आल्या. मला बंगाली येत नव्हतं, त्यांना मराठी. शेगडीतला सगळा कोळसा त्यांनी उपसून काढला, तळाशी गोवरीचे तुकडे रचले, वर बारीक कोळसा आणि मग जाड. पेटवून दिली, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बौमा, काँदे ना." सूनबाई, रडू नकोस. तेव्हापासून मी त्यांना माशिमा म्हणायला लागले, म्हणजे मावशी, आणि मास्तरांना मेशोमशाय, म्हणजे मावशीचे यजमान.

बंगाली मी त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकले. त्या विळीवर भाजी चिरायच्या आणि एकेका भाजीचं नाव घ्यायच्या, मी मागून म्हणायचे. नवऱ्याला हाक मारायची झाली की त्या "ओगो" म्हणत. हा शब्द मला फार आवडला. आपल्या 'अहो'ची सख्खी बहीणच.

त्या दोघांचं एक वागणं मात्र मला समजत नव्हतं. दर रविवारी सकाळी दोघं मिळून चर्चला निघायची. ते छत्री धरायचे, माशिमांच्या हातात गाण्यांचं पुस्तक. थोड्या वेळानं मेशोमशाय एकटेच परत यायचे आणि ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे. तासा-दीड तासानं उठून त्यांना आणायला जायचे. संध्याकाळी पुन्हा दोघं निघायची, आणि ह्या वेळी माशिमा एकट्या परत यायच्या.

मी एकदा ह्यांना विचारलं, "एकाच चर्चला जातात ना ही दोघं? मग बरोबर का बसत नाहीत?"

"त्यांच्यात खटला चालू आहे," हे म्हणाले.

"नवरा-बायकोत?"

"चर्चमध्ये. आपण भाडेकरू. घरमालकाच्या भांडणात पडू नये." आणि ह्यांनी फाईल उघडली.

मला राहवेना. भाषा थोडी जमायला लागली तसं मी मेशोमशायांनाच विचारलं. त्यांना आनंद झाला. सगळं पहिल्यापासून समजावून सांगणं ही त्यांची शाळेतली सवय होती.

चर्च लहानसंच होतं. रेल्वेलाइनीच्या अलीकडे एक लांबट कौलारू इमारत, पुढे चार पायऱ्या, एका बाजूला जांभळाचं झाड. एका परदेशी मिशननं ते पन्नासेक वर्षांपूर्वी उभं केलं होतं. तिथले पाद्री कोण असावेत, किती वर्षं असावेत, हे समुद्रापलीकडची एक कमिटी ठरवायची. गेली पुष्कळ वर्षं तिथं एक बंगाली पाद्री होते. कुणाच्या घरी ताप आला की हे आधी, डॉक्टर नंतर, अशी त्यांची ख्याती. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी कमिटीनं त्यांची बदली संथाळ परगण्यात केली. चर्चच्या मंडळींनी विनंती केली, पुन्हा केली. उत्तर आलं नाही, नव्या पाद्र्यांची नेमणूक आली. मग बहुतेक मंडळींनी जुन्या पाद्र्यांना जाऊ दिलं नाही आणि जाहीर केलं की आजपासून आमचं चर्च स्वतंत्र, मिशनशी आमचा संबंध नाही. मिशननं म्हटलं, खुशाल जा, पण इमारत आणि जमीन आमच्या ट्रस्टच्या नावावर आहे, ती ठेवून जा.

"गोरा साहेब बोटीत बसून गेला, बौमा," मेशोमशाय म्हणाले. "पण आमच्या चर्चचा साहेब अजून खुर्चीतच बसलाय. ही इमारत कुणी बांधली? माझ्या वडिलांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. बायकांनी विटांची सुरखी कुटली. आता म्हणे, चालते व्हा."

कोर्टानं निकाल लागेपर्यंत सोय लावून दिली होती. सकाळी मिशनच्या बाजूची मंडळी, संध्याकाळी स्वतंत्र झालेली मंडळी. मेशोमशाय संध्याकाळच्या लोकांचे पुढारी. आणि माशिमा सकाळच्या, मोजक्याच राहिलेल्या, त्यातल्या एक.

"मग त्या तुमच्याबरोबर का नाही आल्या?" मी विचारलं.

त्यांनी विळीकडे, म्हणजे माशिमांकडे, पाहिलं. "तिला विचार."

माशिमा दुधी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब असेल तर ह्यांचा असेल. माझं ते बापाचं घर आहे."

बापेर बाडी, असा शब्द त्यांनी वापरला. म्हणजे माहेर. मग त्यांनी सांगितलं, पण सलग नाही, दुधीच्या फोडी करता करता, मधेच उठून डाळीला फोडणी देऊन. पुराच्या साली कुणीतरी एक तान्ही मुलगी मिशनच्या ओट्यावर ठेवून गेलं होतं. तीच ही. आई-बाप कोण, गाव कोणतं, काहीच माहीत नाही. मिशनच्या एका मेमसाहेबांनी तिला वाढवलं. मुलींच्या वसतिगृहात इतरही अनाथ मुली होत्या, पण ही रात्री त्यांच्याच खोलीत झोपायची. त्यांनीच हिची बोटं धरून पायपेटी शिकवली. मास्तर पाहून लग्न लावून दिलं आणि पुढे इथंच तापानं वारल्या, परत आपल्या देशी गेल्या नाहीत. "लग्नानंतर बाकीच्या मुली माहेरी जायच्या," माशिमा म्हणाल्या. "मी कुठे जाणार? मी रविवारी चर्चला जायचे. आता ह्यांचं आणि माझ्या माहेरचं जमत नाही. म्हणून मी माहेर सोडू?"

पुण्यापासून दोन दिवसांच्या गाडीवर येऊन पडलेल्या मला ह्यापुढे काही समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी घरात आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. उलट मजाच व्हायची. संध्याकाळच्या मंडळींकडे पायपेटी वाजवणारं कुणी नव्हतं. गाण्याला सुरुवात मेशोमशायच करायचे, आणि त्यांना सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. रविवारी दुपारी जेवून उठलं की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि घसा साफ करायचे. माशिमा भांडी आवरता आवरता संध्याकाळच्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणायच्या. ते ती ओळ तोंडात धरून, कुणाशी न बोलता, चर्चपर्यंत न्यायचे. वाटेत कुणी ओळखीचं भेटून "कसं काय?" म्हणालं की संपलं. मग चर्चमध्ये भलताच सूर लागायचा आणि परत आल्यावर ते चिडून सांगायचे की अमक्यानं वाट लावली. माशिमा हसत नसत, पण पदर तोंडाशी जायचा.

चर्चमधल्या इतरांचं मात्र इतकं गोडीचं नव्हतं. सकाळच्यांनी बाकं हलवली म्हणून संध्याकाळचे रागवायचे, संध्याकाळच्यांनी फुलदाण्या रिकाम्या केल्या म्हणून सकाळचे. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पिईनासे झाले. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. माशिमा हे सगळं सांगताना आवाज खाली आणायच्या, जणू घरातल्याच कुणाच्या आजाराबद्दल बोलत आहेत.

दुसऱ्या वर्षी खटल्याची सुनावणी सुरू झाली, आणि मिशनच्या वकिलानं माशिमांना साक्षीला बोलावलं. मेमसाहेबांना जवळून पाहिलेलं, इमारत उठताना पाहिलेलं, त्यांच्याशिवाय त्या बाजूला कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्या वर आल्या. माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बौमा, तू येशील माझ्याबरोबर?"

"मी? मला कोर्टातलं काय कळतंय?"

"काही कळायला नको. ह्यांच्याबरोबर मी कशी जाऊ? ते त्या बाजूच्या बाकावर बसणार. मिशनचे लोक न्यायला येतो म्हणाले, पण त्यांच्या गाडीतून उतरताना ह्यांनी मला पाहावं, हे मला नको आहे. तू कुणाचीच नाहीस. तू ये."

हे म्हणाले, "भाडेकरूनं..." आणि थांबले. मग म्हणाले, "जा. पण परतताना ट्रामला गर्दी असते, जपून." मला तेव्हा दिवस गेले होते.

आम्ही काळीघाटपर्यंत ट्रामनं आणि पुढे आलीपूरच्या कोर्टापर्यंत हातरिक्षानं गेलो. माशिमांनी पांढरी, लाल काठाची, धुतलेली सुती साडी नेसली होती आणि पायांत एरवी कधी न घातलेले बूट होते. ते चावत होते. कोर्टाच्या आवारात वडाखाली टंकलेखक बसले होते, चहावाले हिंडत होते. एका बाजूला मेशोमशाय त्यांच्या लोकांत उभे होते. त्यांनी आम्हांला पाहिलं, पुढे एक पाऊल टाकलं आणि परत मागे घेतलं.

आतल्या खोलीत पंखा फिरत होता तरी उकडत होतं. न्यायाधीश चष्मा लावलेले, थकलेले बंगाली गृहस्थ. माशिमा पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. मिशनच्या वकिलाचे प्रश्न सोपे होते. जमीन कुणी घेतली? मेमसाहेबांनी. पाद्री कोण नेमायचं? मिशन. चर्चची देखभाल कोण करायचं? मेमसाहेब होत्या तोवर त्या, मग मिशन. प्रत्येक उत्तराला वकील मान डोलवायचे.

मग दुसऱ्या बाजूचे वकील उठले. म्हणजे मेशोमशायांचे. त्यांनी आधी गोड आवाजात विचारलं, "इमारतीसाठी विटा कुणी वाहिल्या?"

"आमच्या सगळ्यांनी."

"म्हणजे मिशनच्या साहेबांनी नाही."

"साहेब कुठून वाहणार? आमच्या लोकांनी वाहिल्या. सुरखी बायकांनी कुटली. मीही पाणी आणून द्यायचे, लहान होते."

मेशोमशायांच्या बाजूच्या बाकांवर चुळबुळ झाली. लोक खूश झाले. वकिलांनी तिथंच थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्यांना मघाची साक्ष खोडून काढायची होती.

"तुम्ही मिशनचं अन्न खाऊन मोठ्या झालात, खरं ना?"

"हो."

"कपडे, शाळा, लग्न, सगळं मिशननं केलं?"

"हो."

"म्हणजे मिशनविरुद्ध एक शब्द बोलणं तुम्हांला शक्यच नाही." ते न्यायाधीशांकडे वळले, आणि पुन्हा माशिमांकडे. "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

माशिमांनी नजर वर, पंख्याकडे नेली.

"नाव सांगा. आईचं सांगा. गाव तरी? काहीच सांगता येत नाही? म्हणजे तुम्ही कोण, कुणाच्या, हे तुमचं तुम्हांलाच..."

"थांबा!"

मेशोमशाय उभे होते. बाकाची कड दोन्ही हातांनी धरलेली. वर्गात मागच्या रांगेला ऐकू जावं असा आवाज.

"हा प्रश्न विचारायचा नाही."

वकील गोंधळले. "अहो, मी तुमच्याच बाजूनं..."

"कुणाच्याही बाजूनं विचारायचा नाही. मागे घ्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खाली बसा, मास्तरमशाय. हे कोर्ट आहे."

"बसतो. आधी त्यांना प्रश्न मागे घेऊ द्या. ती कोण आहे विचारत असतील तर माझी बायको आहे. मला विचारा."

त्यांच्या शेजारच्या माणसानं त्यांचा सदरा ओढला. ते हलले नाहीत. शेवटी न्यायाधीशच म्हणाले, "हा प्रश्न सोडून द्या," आणि वकिलांनी कागद चाळत सोडून दिला. मेशोमशाय बसले. माशिमांनी त्या सगळ्या वेळात त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या पंख्याकडे पाहत होत्या. साक्ष संपून खाली उतरताना मात्र त्यांना पायरी दिसली नाही. मी हात धरला तेव्हा कळलं, डोळे भरलेले होते.

बाहेर मेशोमशायांचे लोक त्यांच्याभोवती जमले होते. एक जण मोठ्यानं म्हणत होता, "आपलाच वकील तुम्ही बंद पाडलात! असा खटला जिंकतात होय?" मेशोमशाय त्यांच्यातून वाट काढून आमच्याकडे आले आणि आमच्याबरोबर चालू लागले. रिक्षा दोघांपुरतीच. आम्ही बसलो, ते बाजूनं चालत काळीघाटपर्यंत आले. ट्राममध्ये माशिमा आणि मी बायकांच्या बाकावर, ते समोर दांडी धरून उभे. वाटेत ट्राम थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो माशिमांपुढे धरला. त्यांनी चार शेंगा सोलल्या, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि डोळ्यांनीच मेशोमशायांकडे खूण केली. मी दाणे त्यांना दिले. घर येईपर्यंत असंच चाललं होतं. पाय चावतात म्हणून माशिमांनी बूट काढले, ते मेशोमशायांनी हातात घेतले आणि स्टॉपपासून घरापर्यंत धरून आणले. गल्लीतल्या लोकांनी बघितलं तर बघितलं.

माझी मुलगी जन्मली तेव्हा माझ्या आईला पुण्याहून येता आलं नाही. बाळंतपणाचं सगळं माशिमांनी केलं. मुलीला त्या 'खुकू' म्हणायच्या, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'दीदा', म्हणजे आजी. पुण्याच्या खऱ्या आजीला हे आम्ही कळवलं नाही.

निकाल दुर्गापूजेच्या सुट्टीच्या आधी लागला. इमारत, जमीन, पायपेटी मिशनची. स्वतंत्र झालेल्या मंडळींनी जागा सोडायची. फक्त बाकं त्यांची, कारण ती घरोघरच्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी करून दिली होती. मेशोमशाय निकाल ऐकून आले, कोट खुंटीला लावला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. माशिमांचीच बाजू जिंकली होती. त्यांनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी वरून भात-आमटी करून नेली. माशिमांनी ते ताट मेशोमशायांच्या पलंगाशी ठेवलं आणि स्वतः जमिनीवर, पलंगाला टेकून बसल्या. "जेवा ना," एवढं म्हणाल्याचं मी जिन्यात ऐकलं.

बाकं ठेलागाडीवरून आली, आणि सगळी ह्याच घरात, कारण मंडळींना दुसरी जागा नव्हती. दिवाणखाना भरला, ओसरी भरली, तरी काही उरलीच. एक बाक आमच्या वरच्या गॅलरीत ठेवलं. सागवानी, पाठीला कुणाच्या तरी वडिलांचं नाव कोरलेलं. खुकू त्याच बाकाला धरून उभी राहायला शिकली. ह्यांनी आधी कुरकुर केली, मग संध्याकाळी ऑफिसातून आले की त्याच बाकावर पाय वर घेऊन बसायला लागले.

आता स्वतंत्र मंडळींची रविवारची प्रार्थना खालच्या दिवाणखान्यात व्हायला लागली, सकाळीच. म्हणजे माशिमांच्याच घरात, माशिमा सोडून. सकाळी उठून त्या दिवाणखाना झाडायच्या, फुलं ठेवायच्या, किटलीत चहाचं पाणी भरून शेगडीशेजारी ठेवायच्या आणि आपल्या चर्चला निघायच्या. पहिल्या रविवारी लोक जमलेले होते, पाद्री बसलेले, आणि मेशोमशायांनी छत्री उचलली.

"अहो, सुरुवात करायची ना?" कुणीतरी विचारलं.

"हिला पोचवून येतो," ते म्हणाले, आणि अख्खी मंडळी ते परत येईपर्यंत ताटकळली. पुढे लोकांना सवय झाली. ते उशिरानंच यायला लागले.

मात्र ते चर्चच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. कोर्टानं जिथून बाहेर काढलं तिथं मी जाणार नाही, असं ते बोलून बसले होते. माशिमांनी कधी आग्रह केला नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात माशिमांचे गुडघे धरले. जिना चढून वर येणं बंद झालं, मीच खुकूला घेऊन खाली जायला लागले. पायपेटी म्हणजे हातांनी वाजवायची आणि पायांनी सारखा भाता मारायचा. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं. माशिमा म्हणाल्या, बरं. तरी नाताळच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. "बौमा, आज मोठा दिवस. मी नुसती जाऊन बसणार आहे. खुकूला घेऊन चल, तिला आवडेल."

खाली दिवाणखान्यात संत्र्यांच्या टोपल्या आल्या होत्या, केकचा वास सुटला होता. मेशोमशायांनी रिक्षा आणली. आम्ही तिघी बसलो, ते बाजूनं चालत आले. चर्चच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि माशिमांना उतरवलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत त्या माझ्या खांद्याला धरून आल्या. पहिली पायरी चढायला पाय उचलला आणि कळवळून तिथंच थांबल्या. माझ्या कडेवर मूल. मी मागे वळून पाहिलं. मेशोमशाय फाटकाबाहेर उभे होते. त्यांनी छत्री मिटली, फाटकाला टांगली आणि आत आले. माशिमांच्या काखेत हात घालून त्यांना एकेक पायरी वर घेतलं, आणि मग, आत आलोच आहोत तर, दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले.

आत बाकं नव्हतीच. सतरंज्या घातल्या होत्या, त्यावर थोडी माणसं, बरीचशी म्हातारी. मिशननं पाठवलेले नवे पाद्री तरुण होते, मद्रासकडचे. बंगाली अडखळत बोलायचे. आल्यापासून त्यांच्याशी गावात कुणी धड बोललं नसावं, असा त्यांचा चेहरा. त्यांनी गाणं सुरू केलं. चार आवाज उठले, ते एकमेकांना सापडेनात.

माशिमा थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग धरत धरत उठल्या आणि पायपेटीशी जाऊन बसल्या. भाता दाबला. एक सूर निघाला, लांबला आणि मांजरीच्या पिलासारखा केविलवाणा होऊन विझला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पाठीवरून दिसत होतं की दुखतंय.

मेशोमशायांनी चपला काढल्या. सतरंज्यांमधून चालत पुढे गेले, अंगावरची शाल काढून चौघडी केली, ती पेटीजवळ जमिनीवर टाकली आणि तिच्यावर गुडघे टेकून बसले. वाकून दोन्ही हातांनी पायपेटीचे भाते दाबायला लागले. माशिमांनी खाली पाहिलं. पाय बाजूला घेतले आणि वाजवायला सुरुवात केली.

त्यांचं मापच चुकत होतं. मधेच इतक्या जोरात दाबायचे की पेटी ओरडायची. "ओगो, हळू," माशिमा वरून म्हणायच्या. थोड्या वेळानं सूर खाली बसायला लागला की, "आता जरा जोरात." मंडळी गायला लागली. तरुण पाद्री डोळे मिटून गात होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खुकू माझ्या मांडीवरून उतरून रांगत पुढे गेली आणि मेशोमशायांच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला वाटलं, हा खेळच आहे.

घरी पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. ओसरीवर सगळी मंडळी वाट बघत थांबलेली. त्यांतले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ, कोर्टात सदरा ओढणारे, त्यांनी विचारलं, "नाताळाच्या दिवशी होतात कुठे?"

मेशोमशायांच्या गुडघ्यांना धूळ लागलेली होती. ती त्यांनी झटकली. "सासुरवाडीला गेलो होतो," ते म्हणाले.

पहिल्यांदा हसले ते त्यांचे जुने पाद्री, ज्यांच्यापायी हे सगळं झालं होतं. मग बाकीचे. सगळे नाही. दोन कुटुंबं त्या दिवशी संत्रं न घेताच निघून गेली आणि पुन्हा आली नाहीत. मेशोमशायांना त्याचं वाईट वाटलं, पण माशिमांचे गुडघे बरे होईपर्यंत ते दर रविवारी भाता दाबायला गेले.

चर्च काही पुन्हा एक झालं नाही. स्वतंत्र मंडळींनी पुढे ढाकुरियाकडे पत्र्याचं छप्पर घालून आपली जागा केली, आमच्या गॅलरीतलं बाकही तिकडे गेलं. पुष्कळ वर्षांनी मिशननंच ते चर्च तिथल्या लोकांच्या हाती सोपवलं, असं आम्हांला नागपूरला कळलं. तेव्हा मेशोमशाय राहिले नव्हते.

नागपूरला आमची बदली झाली तेव्हा खुकू पाच वर्षांची होती आणि मराठीपेक्षा बंगालीच बरं बोलायची. सामान बांधणं चाललं होतं. माशिमा कशाबशा जिना चढून वर आल्या, माझ्या पितळी डब्यांना वर्तमानपत्र गुंडाळत बसल्या. मेशोमशाय खाली खुकूला नकाशात नागपूर दाखवत होते. तो आवाज वर येत होता.

मी विचारलं, "माशिमा, इतकी वर्षं झाली. तुम्हांला कधी वाटलं नाही, आपण त्यांच्याबरोबर जावं?"

"रोज वाटायचं."

"आणि त्यांना?"

"त्यांनाही रोज वाटायचं, आपण हिच्याबरोबर राहायला हवं होतं. म्हणून तर रविवारी आम्ही दोघं लवकर उठायचो. दुसरा आज बरोबर येतो म्हणतोय का, ते बघायला." त्या हसल्या, आणि डब्याचं झाकण लावताना त्यांना आत काहीतरी दिसलं. "अगं, ह्यात गूळ राहिलाय. गाडीत मुंग्या लागतील. वाटी दे एक, खाली नेते. संध्याकाळी ह्यांना तांदूळ-दुधाची पायेश करून घालते."

मी वाटी दिली.